हिरव्या इरकलीचा सवाल

माळवाडी, ता. कागल
२० सप्टेंबर २०२४

माझी अनूबाय,

हिकडं सगळी धडधाकट हायत, म्हसरंबी. तू कशी हायस आन् तुझ्या पोटातलं कसं हाय ते पैलं लिव, मग बाकीचं.

डॉक्टरनी तुला पडून ऱ्हायला सांगितलंय आन् फोन हातात घ्यायचा न्हाई म्हटलंय, हे तिकडं तुझ्याजवळ गेल्याल्या तुझ्या आईनं कळवलं. मला तर बरंच वाटलं. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हंजे चावडीवर बसून बोलल्यासारखं. तुझा बाप सयाजी हिकडनं सांगाय लागतोय, शेजारीण भिंतीवरनं इचारती, आन् माझं ऱ्हातंय बाजूला. पत्रात कोण मधी बोलत न्हाई. माझी शाळा तिसरीपातूर, त्यातलं एक वरीस म्हशीच्या मागं गेलं. तवा चुकलं-माकलं समजून घे.

काम असं हाय. कोजागरीला मरगुबाईच्या देवळाम्होरं सवाल असतोय, आठवतंय का तुला? नवरात्रात देवीला नेसवल्याल्या साड्या, ओटीचं नारळ, सोडल्याला कोंबडा, सगळं बोली लावून जातंय. पुजारी पुकारतोय, ज्येचा सवाल वरचढ त्येची वस्तू. साडी घेतली तर ती परत विकायची न्हाई, नेसायची न्हाईतर कुणाला तरी द्यायची, एवढा नेम. अष्टमीला देवीला दरसाल हिरवी इरकल नेसवत्यात, ह्या खेपंला ती मला पायजे. कशाला ते इचारू नको. काही गोष्टी आधी तोंडातनं काढायच्या नसत्यात.

अडचण हाय ती विजयसिंहाची. मळ्यात तीन बोअर, दारात दोन गाड्या, पण त्येला वस्तूची हौस न्हाई, दुसऱ्याच्या हातातनं काढून घ्यायची हौस. गेल्या साली मी एका नारळावर सवाल लावला, आपला सहज. तर ह्यो माझ्याकडं बघून हसतोय आन् म्हणतोय, "मावशी, चढा की!" मी पन्नास चढलो की ह्यो शंभर. असं करत मला सातशेपातूर नेलं आन् एकदम म्हणतोय, "सोडलं. घ्या मावशी, देवी पावली." सगळं देऊळ हसलं. सातशेच्या नारळाची चटणी केली आम्ही. बरी झालती.

सवालाला एकेक माणूस बघण्यासारखं असतंय. एकजण पैल्यालाच मोठा आकडा फेकतोय, म्हंजे बाकीची दबून गप बसावीत. एकजण आभाळाकडं बघत बसतोय आन् पुजारी "दोन वार" म्हणला की खाकरतोय. एकजण बायकूकडं बघितल्याबिगर तोंड उघडत न्हाई. तू कॉलेजात बाजाराचं शिकवतीस. लिलावाचीबी पुस्तकं असत्यात म्हणं तुमच्यात. त्यात बघून सांग, मी काय करू?

पपई खाऊ नको.

तुझी आज्जी,
शालूबाई


पुणे, २६ सप्टेंबर

प्रिय आज्जी,

आम्ही दोघं ठीक आहोत. त्यातलं एक रात्रभर लाथा मारतं. तुझं पत्र आईनं मोठ्यानं वाचलं आणि चटणीपाशी आम्ही इतक्या हसलो की डॉक्टरांना कळलं तर रागावतील.

इरकल कशाला हवी ते मला न सांगताच कळलं. या वयात हिरवीगार साडी नेसून देवळात मिरवायचंय ना? मिरव की. लाजतेस कशाला?

आता पुस्तकातलं सांगते. लिलावाला जायच्या आधी घरीच ठरवायचं, ही वस्तू आपल्याला केवढ्याची. तो आकडा आला की उठायचं, समोरचा कितीही हसू दे. तिथं बसल्यावर ठरवायला गेलं तर डोकं ठरवत नाही, ईर्षा ठरवते. आणि लोक नुसती वस्तू बघत नाहीत, एकमेकांना बघतात. शेजारचा अडून बसलाय म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणार, असं वाटून ज्याला नको होतं तोही बोली लावतो. जिंकतो, आणि घरी जाऊन पस्तावतो.

तुझा चेहरा म्हणजे फळा, लांबून वाचता येतो. तू बोललीस की विजयसिंहकाका चढवणारच. तेव्हा तू गप्प बस आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलायला लाव. त्याचं नाव मलासुद्धा कळवू नकोस. पत्रं आई वाचते, आणि आईजवळ काय टिकतं ते तुला माहीत आहे. (आई ओरडतेय.)

साडीचा काठ कसला, कितवी पुकारतात आणि तुझा आकडा किती, तेवढं लिही. सहज विचारते.

तुझी,
अनू


माळवाडी, ४ ऑक्टोबर

अनूबाय,

लाथा मारतंय म्हंजे आपल्याच घरातलं हाय.

माणूस ठरला. नाव सांगत न्हाई, तूच नको म्हटलंस. त्येचा आवाज असा हाय की नुसतं "राम राम" म्हणला तरी म्हशी बुजत्यात. आकडाबी ठरला, तीन हजार. म्हशीच्या दुधातनं बाजूला टाकल्यालं हाय, सयाजीला ठावं न्हाई. त्येच्या वर एक रुपाया न्हाई, देवीची आण.

आता खूण ऐक, मला लई भारी सुचलीया. मी बसणार बायकांत, त्यो बसणार गड्यांत. बोलायचं कसं? तर माझ्या डोईवर पदर हाय तवर त्येनं चढवत जायचं. पदर खांद्यावर आला की मुकाट खाली बसायचं. कुणाच्या बापाला कळणार न्हाई.

काल गोठ्यात तालीम केली. मी बादली पालथी घालून बसलो, त्यो गव्हाणीला टेकून हुबा. पदर वर, तो म्हणतोय "आठशे!" पदर वर, "हजार!" तेवढ्यात सयाजी आत आला. "आई, काय चाललंय हे?" मला काय सुचंना. म्हटलं, "म्हशीचा दर बघाय लागलोय." बिचारा त्या सांजेला नीट जेवला न्हाई. म्हशीला हात लावून दोनदा बघून आला.

इरकल हिरवी हाय, तांबडा काठ. अष्टमीची म्हणून साड्यांत सगळ्यांत शेवटाला पुकारत्यात. धुतल्याली इरकल हाताला किती मऊ लागती, गालाला तर आणखीनच. माझी जुनी लुगडीबी पेटीतनं काढून उन्हाला टाकल्यात. का काढली ते इचारू नको.

तुझ्या आईला म्हणावं, तुला शेपूची भाजी दे. तोंड वाकडं करू नको.

आज्जी


पुणे, ९ ऑक्टोबर

प्रिय आज्जी,

पदराची खूण अफलातून आहे. माझ्या कॉलेजातल्या कुणालाही सुचली नसती. एकच भीती वाटते. बोलता बोलता पदर सावरायची तुला सवय आहे. त्या दिवशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बस.

तीन हजारांच्या पुढे गेली तर वाईट वाटून घेऊ नकोस. पुढचं पुढं बघू. मी काय, इथं पडून आहे, काय करणार?

शेपू खाल्ला. तोंड वाकडं करूनच.

अनू


माळवाडी, १८ ऑक्टोबर

अनू,

साडी गेली. पैलं हेच लिवतो, म्हंजे तू मधली पानं सोडून शेवटाकडं पळणार न्हाईस. आता बैजवार ऐक.

कोजागरीचं टिपूर चांदणं पडल्यालं, त्यात मंडपात लायटी लावल्याल्या, सगळं गाव गोळा. पुजाऱ्यानं माइकवर "हॅलो, हॅलो" करण्यात अर्धा घंटा घालवला. कोंबडा पुकारायच्या आधीच सुटला आन् बायकांत शिरला. नारळ झालं, बाकीच्या साड्या झाल्या, मग पुजारी हिरवी इरकल झेलून दावतोय. "बोला, पाचशे!"

"सहाशे!" आता नाव सांगाय हरकत न्हाई. आपला दुधाच्या टेम्पोवाला आकाराम. त्येचा आवाज माइकपेक्षा मोठा. माझं हात मांडीवर, पदर डोईवर, तोंड असं केल्यालं जसं काय मी कोंबड्याचाच इचार करतोय. हजाराला दोघं गळालं, दोन हजाराला आणखी एक. विजयसिंह आपला शेंगा सोलत बसल्याला, माझ्याकडं बघितलंबी न्हाई. मी मनात म्हटलं, अनू, जिंकलो आपण. आकाराम म्हणला, "तीन हजार!" पुजारी म्हणला, "एक वार..."

आन् खांबाजवळनं एक बोट वर आलं. बोट कुणाचं, तर शाळंतल्या गुरुप्रसाद मास्तरचं! तुझ्याच वर्गात होता न्हवं त्यो? लगीन न्हाई, बहीण न्हाई, त्येला साडी कशाला? "तीन हजार दोनशे," म्हणतोय, जसं काय वर्गात हजेरी देतोय.

माझा आकडा संपला. मी हात पदराला घातला. आन् नेमकं तवाच आण्णा आलं. माझं थोरलं दीर, तुझ्या आज्ज्याचं भाऊ. काठी टेकत आलं आन् माझ्याच म्होरं खुर्ची टाकून, तोंड माझ्याकडं करून बसलं. कारण एक कान गेलाय त्येंचा, चांगला कान माइककडं पायजे. अनू, लगीन होऊन ह्या घरात आल्यापासनं आण्णांच्या म्होरं माझी डोई उघडी पडल्याली न्हाई. पदर खाली येतोय कुठला? उलट सवयीनं कपाळापातूर म्होरं वडला गेला.

ते आकारामनं बघितलं. त्येला वाटलं म्हातारी म्हणतीया, जोर लाव. त्येनं एकदम पाचशेची उडी मारली!

मग काय सांगू. हिकडनं आकाराम, तिकडनं मास्तरचं बोट. चार, पाच, सहा हजार. मी डोळं वटारलं, मान हलवली, खोकलो. आण्णा म्हणत्यात, "शालू, डोळ्यात काय गेलं काय? पदरानं पूस." पदरानं पुसाय गेलो, आकाराम आणखी चढला. नऊ हजाराला आकारामच्या सदऱ्यातनं घाम निथळाय लागला. मास्तर ओठ चावतोय, पण बोट काय खाली घेत न्हाई.

आन् विजयसिंहाच्या हातातली शेंग तशीच ऱ्हायली. त्यो एकदा आकारामकडं बघतोय, एकदा मास्तरकडं. ही दोघं येडी न्हवंत, मग अडल्यात कशावर? हुबा ऱ्हायला आन् ओरडला, "पंधरा हजार!"

कोण बोललं बघाय आण्णांनी मान वळवली. तेवढ्यात मी पदर खाली टाकला. आकाराम धाडकन् बसला. मास्तरचं बोटबी गेलं. एक वार, दोन वार, तीन वार.

साडी गेली म्हणून रडू आलं, आन् पैसं द्यायचं टळलं म्हणून देवीला हात जोडलं. दोन्ही एकदमच.

आज्जी


पुणे, २३ ऑक्टोबर

प्रिय आज्जी,

बसली असशील तिथंच बसून राहा. गुरुप्रसाद माझा माणूस होता.

मला वाटलं, तू तीन हजारांवर थांबणार आणि विजयसिंहकाका साडी नेणार. म्हणून आईच्या फोनवरून त्याला सांगितलं, तीन हजारांच्या वर गेली की तू धर, आणि काही झालं तरी सोडू नकोस. तुला बारशाला आणून द्यायची होती. नेसून मिरवली असतीस. तीन हजारांनंतर तुझा माणूस बसणारच, हे मी धरूनच चालले होते. आण्णाआज्जोबा माझ्या हिशोबात नव्हते.

म्हणजे आपण दोघीच एकमेकींवर चढलो. आणि तुला आकडा ठरव म्हणून शिकवणारी मी, त्याला आकडा सांगायलाच विसरले. पंधरा हजार ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं, म्हणून वाचलो. बिचारा म्हणतो, सगळं गाव त्याला विचारतंय, मुलगी कुठली बघितली?

आता माझं शेवटचं ऐक. काकांकडे साडी मागायला जाऊ नकोस. विकता येत नाही, आणि कशाला घेतली हे त्यांनाच माहीत नाही. आपण काही बोललो की पुन्हा भाव वाढेल. गप्प बस. साडी आपल्या पायांनी चालत येईल.

अनू


माळवाडी, ५ नोव्हेंबर

अनूबाय,

तुझं पत्र वाचून मी एवढं हसलो की सयाजी पाणी घिऊन धावत आला. मास्तरला बोलवून करंज्या खायला घातल्या. लाजून चारच खाल्ल्या.

गप बसलो. दिवाळीपातूर बसलो! माझ्यासारखीनं एवढं गप बसायचं म्हंजे नाक दाबून तळ्यात ऱ्हायल्यासारखं. तिकडं विजयसिंह साडी उन्हात धरून बघतोय, काठात सोनं-बिनं हाय का. गुपित काढाय आकारामला मटण घातलं, एकदा न्हाई, तीनदा. आकाराम तिन्ही येळा पोटभर जेवला आन् "देवीची इच्छा" म्हणून हात धुऊन आला.

भाऊबीज झाली आन् त्येची बायकू संयोगिता फराळाचं ताट घिऊन आली. बसली. घरातलं सगळं इचारून झालं. मग म्हणती, "काकी, खरं सांगा. त्या साडीत काय हाय? आमचे हे झोपंत पण बोलाय लागलेत. मी म्हटलं, मला हिरव्या तीन हायत, चौथी कुणाला इचारून आणली? तर म्हणत्यात, दोघं एवढं भांडत होती म्हंजे काहीतरी असणार."

तू गप बस म्हटल्यालं. मी बसणारच होतो. पण चहा अर्धा व्हायच्या आत सगळं सांगून मोकळी झालो. पदर, आकाराम, मास्तर, तू, सगळं. आन् साडी कशाला पायजे तेबी तिच्या कानात सांगितलं. ती हसता हसता थांबली. डोळं पुसलं आन् इचारलं, "अनुजाला कितवा लागला?" तिचा ल्योक यशराज परदेशात, लगनाचं नाव काढलं की फोन ठेवतोय. एवढ्या मोठ्या घरात दिवसभर ती आन् टीव्ही.

जाताना म्हणली, "काकी, बाळ येऊ दे. मीच घिऊन येते साडी. पण एक अट हाय." अट काय ती तुला आत्ता सांगत न्हाई. आता जास्त दिवस ऱ्हायलं न्हाईत. डाव्या कुशीवर झोप.

आज्जी


पुणे, २७ नोव्हेंबर

आज्जी,

मुलगी झाली! फोनवर तुला कळलंच, तुझी आरोळी आम्हाला फोनशिवायसुद्धा ऐकू आली असती. तरी पत्रात लिहायचं ठरलं होतं. आम्ही दोघी छान आहोत. आई म्हणते, नाक तुझं आहे. हातात बोट दिलं की सोडत नाही, आणि आकडा ठरवून आलेली दिसत नाही.

आता सांग, साडी कशाला हवी होती? मला वाटतं, मला कळलंय. त्या दिवशी मिरवायचं म्हटलं, त्याची आता लाज वाटते.

अनू


माळवाडी, १० डिसेंबर

माझ्या दोन्ही बायांनो,

आता सांगतो. वाकळ शिवली, वाकळ! बाळाच्या अंगाखाली घालाय. वर देवीची इरकल, आत माझी लुगडी. तुझा बाप असल्याच वाकळंवर वाढला, तूबी. तवा पुजारी एका नारळावर साडी द्यायचा, आता माइक आला. बाळ यायच्या आधी त्येच्यासाठी शिवू न्हाई, बोलूबी न्हाई, म्हणून तोंड दाबून बसलोतो.

संयोगितानं साडी आणली. तिची अट अशी की पैला टाका तिचा. पण वाकळ घालाय सगळी आळी जमली, आन् आपल्या बचत गटातली ती क्रांती म्हणती, "देवीची साडी हाय. सवालाबिगर टाका कसा?" झालं! मला पाटावर बसवलं पुजारी म्हणून. मी म्हटलं, पैसं चालायचं न्हाईत, अंगमेहनत लावा.

क्रांती म्हणली, "आठवडाभर बाळाची दुपटी मी धुईन." दुसरी म्हणली, "पंधरा दिवस, आन् वर डिंकाचं लाडू." संयोगिता म्हणली, "पुण्यासनं आणाय माझी गाडी." सगळ्याजणी ओरडल्या, "गाडी डायव्हर चालवतोय, तुमची मेहनत कसली?" तिनं हातातल्या बांगड्या मागं सारल्या. मग हळूच म्हणली, "रोज सकाळी येऊन बाळाला न्हाऊ घालीन. ती हितं हाय तवर. माझं हात रिकामंच हायत."

डिंकाच्या लाडूवाली दोऱ्याचं रीळ उगाच उलगडाय लागली. सगळ्या चढू शकत होत्या, अनू. एकबी चढली न्हाई. एक वार, दोन वार, तीन वार म्हटलं आन् सुई तिच्या हातात दिली.

बायकूला न्ह्यायला विजयसिंह आला. दारातनं बघतोय तर साडी मधनं फाडून चार पदरी टाकल्याली. "अवो मावशी, पंधरा हजाराची साडी ती!" मी म्हटलं, "एक टाका घालाय पायजे काय? मग चढा की!" डोकं खाजवलं आन् म्हणला, "बारशाचा मांडव मी घालीन, माझ्या हातानं." घातला एक टाका, वाकडा. तसाच ठेवलाय.

सांजंला शेवटच्या कोपऱ्याला आलो, आन् काठी वाजली. आण्णा. वाकळ बघाय आलतं. माझ्या एका हातात सुई, एका हातात कापड, पदर कवाच घसरल्याला. मी गडबडून सुई टाकून पदराला हात घातला.

आण्णा म्हणालं, "शालू, ऱ्हाऊ दे तो पदर खाली. पुन्हा कुठं सवाल चढाय नको."

सयाजी, संयोगिता, सगळी हसली. मी पदर घेतला न्हाई. उघड्या डोईनं आण्णांच्या म्होरं बसून शेवटचा टाका घातला, गाठ मारली, आन् दोरा दातानं तोडला. आण्णांनी वाकळंवर हात फिरवला आन् म्हणालं, "मऊ झालीया."

दोन दिवस उन्हात टाकतो. या लवकर. न्हाऊ घालणारी रोज इचारती, कधी येणार?

आज्जी